गड बांधणारे आणि गड न्हाणणारे

१/
कोणत्याही किल्ल्यावर वा वाड्यात पाऊल ठेवले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे कोणी बांधले? उत्तरही बहुधा तयार असते. राजाचे नाव, साल, झालेला खर्च. परंतु ‘हे इतकी वर्षे कोणी राखले?’ असे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक, दगडी तट काय किंवा सागवानी दिवाणखाना काय, या पावसाच्या मुलखात तो उभा राहतो तो बांधणाऱ्यांइतकाच राखणाऱ्यांच्या हातांमुळे. हा धागा त्या हातांविषयी आहे.

२/
आरंभ एका ग्रंथापासून करू. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झाले. मराठी राज्यव्यवहारावरील हा पायाभूत ग्रंथ. त्यातील दुर्गप्रकरण बहुतेक लोक वाचतात ते किल्ल्यांच्या माहात्म्यासाठी. किल्ले हेच राज्याचे सार, हा विचार तिथे ठामपणे मांडलेला आहे. पण त्याच प्रकरणातील बराचसा मजकूर माहात्म्याचा नाही. तो आहे पाण्याचा, केराचा, गवताचा आणि झाडांचा.

३/
किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, असे आज्ञापत्र बजावते. पाणी नसेल आणि जागा सोडणे शक्य नसेल तर आधी खडक फोडून तळी-टाकी बांधावीत. गडावर झरा असला तरी केवळ त्याच्यावर विसंबू नये. कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे कमी होतात. म्हणून जादा साठवणाची टाकी हवीत, आणि ते पाणी जपून ठेवायला हवे. वास्तूच्या आयुष्याचा विचार पहिला दगड बसण्याआधी सुरू होतो, हे यातून दिसते.

४/
केराविषयीची सूचना तर आजच्या कोणत्याही नगरपालिकेला लाजवील. वाटांवर, बाजारात, तटालगत केरकचरा पडू देऊ नये. तो गडाखाली लोटून मोकळेही होऊ नये; जागच्या जागी जाळावा, ती राख परसात टाकावी आणि तिच्यावर भाजीपाला पिकवावा. राज्यकर्त्याने लिहवून घेतलेल्या राजनीतीच्या ग्रंथात भाजीच्या परसाला स्थान मिळाले आहे, ही गोष्ट लहान नाही.

५/
आणि मग येतो या धाग्याला नाव देणारा मुद्दा. तटाला झाडी फुटते. ती वरचेवर कापून काढावी. तटाचे आणि तटाखालचे गवत जाळावे. या साऱ्या कामाला आज्ञापत्राने योजलेले क्रियापद आहे ‘न्हाणणे’. बाळंतिणीला न्हाणतात, तान्ह्या मुलाला न्हाणतात, तसा गडही न्हाणावा लागतो. ज्याची काळजी दुसऱ्या कोणीतरी नेमाने घ्यायची असते, त्याच्यासाठीच मराठीत हा शब्द वापरला जातो.

६/
गवत जाळण्याची इतकी निकड का असावी? संरक्षण हे एक कारण उघड आहे : वाढलेल्या गवतात शत्रू दडतो, आणि वाळलेल्या गवताला शत्रूने आग लावली तर घात होतो. दुसरे कारण हळू चालणारे आहे. पिंपळ, वड, उंबर यांची फळे पक्षी खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी तटाच्या सांध्यात पडते. पावसाळ्यात ते रुजते. पहिल्या वर्षी ते रोप दोन बोटांनी उपटता येते.

७/
पाचव्या वर्षी त्याला कोयता लागतो. विसाव्या वर्षी मुळांनी सांध्यातील चुना खाऊन चिरे एकमेकांपासून दूर सारलेले असतात. मग झाड उपटावे तर भिंतही त्याच्याबरोबर येते. म्हणजे जे काम एका माणसाचे आणि एका सकाळीचे होते, ते केवळ न केल्यामुळे लाखो रुपयांचे आणि धोक्याचे होऊन बसते. देखभालीचे सारे गणित या एका रोपात सामावले आहे.

८/
हे काम करणारे कोण होते? गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस हे अधिकारी असत. तटाच्या निरनिराळ्या भागांवर तटसरनोबत नेमलेले असत. परंतु गड खऱ्या अर्थाने सांभाळला तो घेऱ्यातील लोकांनी. रामोशी, महार, कोळी, बेरड अशा समाजांतील कुटुंबे पहाऱ्याच्या बदल्यात गडाभोवतीच्या जमिनी वंशपरंपरेने कसत. गडाची वाट, गडाचे पाणी आणि गडाचा कमकुवत कोपरा त्यांना पाठ असे. त्यांची नावे शिलालेखांत सहसा आढळत नाहीत.

९/
आता ज्या पदार्थाने हे सारे जोडले गेले त्याकडे वळू : चुना. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजली की तिच्यातून कर्बवायू निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी घातले की तो उकळल्यासारखा खदखदतो, फुटतो, विरतो. हा झाला विरीचा चुना. चुना आणि कोळसा भाजण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात परंपरेने लोणारी समाजाकडे होता. त्या भट्ट्यांशिवाय ना गड उभा राहता, ना वाडा.

१०/
विरलेला चुना, वाळू आणि विटांचा भुगा, म्हणजे सुरखी, घाणीत मळत. जमिनीत दगडाचा वर्तुळाकार चर, त्यात फिरणारे जड दगडी चाक, आणि ते ओढणारे बैल. अनेक किल्ल्यांवर हे चाक आजही एका बाजूला पडलेले दिसते. पर्यटक त्यावर बसून छायाचित्र काढतात. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर अशा वस्तूही ठिकठिकाणी चुन्यात मिसळल्या जात. प्रमाण प्रत्येक गवंड्याच्या हातात असे, कागदावर क्वचितच.

११/
भिंतीत गेलेला चुना हवेतील कर्बवायू पुन्हा शोषतो आणि सावकाश पुन्हा चुनखडीच होतो. दगड भाजून पूड केली, आणि पुडीचा परत दगड झाला. ही क्रिया काही दिवसांची नाही. जाड भिंतीच्या आत ती वर्षानुवर्षे चालू राहते. म्हणून जुने गवंडी घाई करत नसत. चुना मुरू द्यायचा, गिलाव्यावर पाणी मारत राहायचे, एक थर सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही.

१२/
चुन्याचा मोठा गुण त्याच्या ताकदीत नाही, त्याच्या मवाळपणात आहे. तो दगडाहून मऊ असतो. भिंत थोडी हलली तर ताण चुना सोसतो, दगड तडकत नाही. तो सच्छिद्र असतो, त्यामुळे भिंतीत शिरलेले पाणी सांध्यांतून बाहेर पडते. झिजायचे ते चुन्याने झिजायचे, आणि काही वर्षांनी सांधे पुन्हा भरायचे, अशी ही मूळ योजनाच आहे. नियमित दुरुस्ती हा या बांधकामाचा दोष नाही, तो त्याच्या रचनेचा भाग आहे.

१३/
घरांतही हाच विचार होता. वाड्याचा सांगाडा सागवानी खांब-तुळयांचा; भिंती विटा-मातीच्या. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढू नये. एखादी तुळई किडली तर ती तेवढी काढून नवी घालता येई. पावसाळ्यापूर्वी कौले चाळायची, फुटलेली बदलायची, जमीन सारवायची, लाकडाला तेलपाणी करायचे, कोकणात पावसाच्या बाजूच्या भिंतींना झापांची झड बांधायची. पंचांगातील सणांइतकीच ही कामे ठरलेली असत.

१४/
ही साखळी तुटली ती १८१८ मध्ये. त्या वर्षीच्या मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या हाती गेला. तोफांच्या माऱ्यात लागलेल्या आगीत गडावरील वास्तू जळाल्या. ज्या किल्ल्यांनी राज्य राखले ते पुन्हा लढते होऊ नयेत, अशीच नव्या सत्तेची इच्छा होती; कित्येक किल्ल्यांच्या वाटा आणि तट मुद्दाम पाडले गेले. ते उद्ध्वस्त केल्याचे आपण वाचतो. त्याहून शांतपणे घडलेली गोष्ट ही, की गड न्हाणण्याची नेमणूक संपली.

१५/
पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला. खर्च १६,११० रुपये असा नोंदला गेला आहे. १८२८ च्या फेब्रुवारीत त्याला आग लागली आणि ती अनेक दिवस धुमसत राहिली. आतील लाकडी महाल गेले. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. लाकडाला आगीचे भय पूर्वीही होतेच. पण पूर्वी आगीनंतर पुन्हा बांधणारा धनी असे. या वेळी वाडा होता, धनी नव्हता.

१६/
रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीची दुरवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांच्या चर्चेत आली, तेव्हा सरकारने तिच्या देखभालीसाठी वर्षाला ५ रुपये मंजूर केले. पाच रुपये! १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याची चळवळ केली, तिच्या मागे हा अपमान होता. तरी त्या आकड्याकडे नीट पाहिले पाहिजे. उपेक्षेलाही हिशेबात एक खाते असते, आणि त्यात दरसाल काहीतरी जमा दाखवलेले असते.

१७/
१९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला आणि निवडक वास्तूंना सरकारी संरक्षण मिळू लागले. ही मोठीच गोष्ट. पण तिच्याबरोबर एक नवा दृष्टिकोनही आला. वास्तू ‘स्मारक’ झाली. म्हणजे ती पाहण्याची वस्तू झाली. घेऱ्यातील माणसाचा तिच्याशी असलेला संबंध हक्काचा आणि कर्तव्याचा होता. तो आता तिकीट काढून आत येणाऱ्याचा किंवा फलक वाचून परत जाणाऱ्याचा झाला.

१८/
त्याच सुमारास बांधकामाचा पदार्थही बदलत होता. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ चे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिंदुस्थानात त्याचे कारखाने उभे राहिले. सिमेंट लवकर घट्ट होते, मोजून मिळते, आणि त्याला घाणी, बैल, मुरण्याचे दिवस यांतले काही लागत नाही. नव्या इमारतींसाठी ते वरदानच ठरले. मात्र जुन्या चुन्याच्या भिंतीच्या दुरुस्तीला ते वापरले जाऊ लागले, तेव्हा संकट सुरू झाले.

१९/
कारण सिमेंट दगडाइतके किंवा त्याहूनही कठीण असते, आणि पाण्याला वाट देत नाही. सांधे त्याने भरले की भिंतीतील ओल कोंडते. बाहेर पडण्याचा सांधा बंद झाल्याने ती दगडातून किंवा विटेतून वाट काढते. सोबत आलेले क्षार पृष्ठभागाजवळ साठतात, फुगतात आणि दर्शनी भागाचे पापुद्रे सुटू लागतात. दहा वर्षांनी सिमेंटचा सांधा शाबूत असतो आणि शेजारचा दगड खाल्लेला. दुरुस्तीच वास्तूचा आजार होते.

२०/
हे ठाऊक असूनही सिमेंट वापरले जाते, याचे कारण केवळ अज्ञान नाही. निविदा कमीत कमी दराकडे आणि ठरलेल्या मुदतीकडे पाहते. चुना मुरवायला लागणारे आठवडे मुदतीत बसत नाहीत. त्याचा हात असलेल्या गवंड्याची मजुरी दरात बसत नाही. मग त्या गवंड्याचा मुलगा काँक्रीटच्या साइटवर जातो, कारण तिथे रोज काम मिळते. त्याला दोष देता येणार नाही. कला टिकते ती कौतुकावर नाही, नियमित कामावर.

२१/
शहरांतील वाड्यांची कथा आणखी गुंतागुंतीची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. फाळणीच्या आणि टंचाईच्या काळात भाडेकरूंना घराबाहेर काढले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू न्याय्य होता. पण भाडे जागेवर राहिले आणि कौले, लाकूड, मजुरी यांचे भाव चढत गेले. मालक म्हणे, या भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणे, माझ्या मालकीचे नाही, मी का करू? दोघेही आपापल्या जागी खरे होते, आणि वाडा गळत होता.

२२/
त्यात वारसांची संख्या वाढली. एका वाड्याला दहा-पंधरा हिस्सेदार, त्यांतले निम्मे दुसऱ्या शहरात. कौले चाळायची तर वर्गणी कोणी काढायची, हाच वाद. मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले. पुण्या-नाशिकच्या वाड्यांना तसा आधार नव्हता. शेवटी जमिनीची किंमत वास्तूच्या कितीतरी पट झाली, आणि वाडा पडणे हे सर्वांच्याच सोयीचे ठरले. बहुतेक वाडे कोणी पाडले नाहीत. ते पडू दिले गेले.

२३/
याची दुसरी रीत जगात आहे. जपानमधील इसे येथील देवालये दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने, जुन्याच पद्धतीने बांधली जातात. २०१३ मध्ये हा सोहळा बासष्टाव्यांदा झाला. तिथे लाकूड जुने नसते, हात जुने असतात. वीस वर्षांचे अंतर असे, की तरुणपणी शिकाऊ असलेला सुतार पुढच्या वेळी शिकवू शकतो. आपल्याकडचे गड तसे पुन्हा बांधायचे नाहीत. घ्यायचा तो बोध एवढाच : कारागीर टिकायचा तर कामाला ठरलेले आवर्तन हवे.

२४/
संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय विचारातही हेच सूत्र आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारकांच्या जतनासाठी कायमस्वरूपी देखभाल आवश्यक मानली आहे. म्हणजे वीस वर्षे दुर्लक्ष आणि मग एकदा भव्य जीर्णोद्धार, ही रीत शास्त्रालाही मान्य नाही. आज्ञापत्राने अडीचशे वर्षे आधी ‘वरचेवर’ या एका शब्दात तेच सांगितले होते.

२५/
जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. महाराष्ट्रातील साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. आणि तमिळनाडूतील जिंजी. आनंद रास्त होता. पण यादीत नाव आल्याने तटातील पिंपळ थांबत नाही. मानाबरोबर गर्दी वाढते, गर्दीबरोबर प्लास्टिक आणि जलद दुरुस्तीची मागणीही वाढते.

२६/
सुट्टीच्या दिवशी गडावर श्रमदान करणारी तरुण मंडळी आज ठिकठिकाणी दिसतात. टाक्यांतला गाळ उपसणे, वाटा मोकळ्या करणे, कचरा खाली आणणे ही कामे ती मनापासून करतात. त्यांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. संरक्षित वास्तूवर काम करण्याआधी पुरातत्त्व खात्याची अनुमती घ्यावी. आणि तटात रुजलेले मोठे झाड ओढून काढू नये. ते छाटून, मूळ जागीच मारून, मग सांधा चुन्याने भरण्याचे काम जाणकारांकडून व्हावे.

२७/
ज्यांच्या घरी अजून कौलारू छप्पर, तळखडा, चुन्याची भिंत शिल्लक आहे त्यांनाही एक विनंती. गावातला शेवटचा चुन्याचा गवंडी, कौले चाळणारा, जुन्या पद्धतीचा सुतार हयात असेल तर त्याचे काम नुसते चित्रित करून ठेवू नका. त्याला काम द्या, आणि त्याच्या हाताखाली एक तरुण देता आला तर पाहा. प्रमाण त्याच्या हातात आहे. ते कागदावर उतरवले तरी हाताशिवाय अपुरेच राहील.

२८/
बांधणाऱ्याचे नाव शिलालेखात राहते, पाडणाऱ्याचे इतिहासात. राखणाऱ्याची खूण एवढीच, की वास्तू अजून उभी आहे. आज आपण ज्या तटावर हात ठेवतो, तो कोणीतरी शंभर वेळा न्हाणला म्हणून तिथे आहे. मृगाच्या आधी दोन बोटांनी उपटता येणारे ते रोप यंदाही सांध्यात उगवलेले असेल. ते उपटण्याची नेमणूक कोणाची, हे ठरवणे बाकी आहे.

(समाप्त)